चहाच्या कपाचा व्हिडिओ आणि न्यूरॉलॉजिस्टची दहा मिनिटं

ही या भागाची लिहून काढलेली आवृत्ती. ऑडिओत मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, इथे तरी त्यातून सुटका.

आज माझ्या रूममेटबद्दल बोलायचंय. त्याला विचारूनच सांगतोय. नाव घ्यायचं नाही, एवढीच त्याची अट.

हिंजवडीत आम्ही तिघं एकत्र राहायचो. हा पठ्ठ्या सकाळी उठला की त्याच्या हातून काहीतरी उडायचंच. टूथब्रश, कंगवा, एकदा तर चहाचा भरलेला कप. हाताला एकदम झटका बसायचा, क्षणभरच, आणि मग काही झालंच नाही असा हा उभा! रिलीजसाठी रात्रभर जागलो की जास्त व्हायचं. आम्ही त्याला 'व्हायब्रेट मोड' म्हणायचो. कप उडतानाचा व्हिडिओ मीच काढून ग्रुपवर टाकला होता.

मग एका सकाळी तो बेसिनपाशी कोसळला. अंग ताठ, डोळे उघडे, नंतर हातपाय झटकायला लागले. एक जण चप्पल हुंगवायला धावला आणि मी तोंडात चमचा घालायला गेलो. दोन्ही चूक. चपलेचा, कांद्याचा उपयोग शून्य, आणि चमच्याने दात तुटू शकतात. हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा फिट आली, तर 108 ला फोन.

एका डॉक्टरांनी कार्बामाझेपीन सुरू केलं. ईईजी नॉर्मल आला. 'चला, मेंदू ठीक आहे!' म्हणून आम्ही पार्टीसुद्धा केली. पण महिनाभरात सकाळचे झटके वाढले.

इथे मला माझं काम आठवतं. क्लायंट सांगतो 'ॲप क्रॅश होतं', आणि आपल्या मशीनवर सगळं छान चालतं. लॉग नसेल तर तुम्ही अंदाजच लावणार ना? न्यूरॉलॉजिस्टचं रोजचं दुखणं हेच आहे. समोर बसलेला माणूस ठणठणीत असतो. फिट आली तेव्हा तो शुद्धीत नव्हता, त्यामुळे त्याला काही सांगता येत नाही. साधा ईईजी अर्ध्या तासाच्या आसपासचा असतो. तेवढ्यात मेंदूने काही दाखवलं तर दाखवलं. म्हणून ईईजी नॉर्मल आला तरी एपिलेप्सी नाही असं ठरत नाही.

आणि वेळ तरी कुठे आहे? देशात न्यूरॉलॉजिस्ट मोजून काही हजार. आम्हाला साडेसहाची अपॉइंटमेंट होती, आत गेलो नऊला, आणि मिळाली दहा मिनिटं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी काही त्रास?" हा म्हणाला, "नाही." खोटं नव्हतं ते. सकाळचे झटके त्याला आजार वाटतच नव्हते, आणि आम्हाला तर तो विनोद होता. दाराकडे निघताना मला तो व्हिडिओ आठवला. डॉक्टरांनी तो तीनदा पाहिला आणि म्हणाले, "बसा परत."

निदान निघालं जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. साधारण किशोरवयात सुरू होते, झटके उठल्यावर येतात, आणि जागरण व दारूने बिघडते. मुख्य मुद्दा असा, की फिटवर चालणारं प्रत्येक औषध हिला चालत नाही. कार्बामाझेपीनने हे झटके वाढू शकतात. आमच्याकडे तेच झालं होतं. डॉक्टरांनी औषध बदललं. (ऐकून कुणी स्वतःची गोळी बंद करू नका हं! अचानक थांबवली तर फिट येऊ शकते.)

व्हिडिओने खरंच फरक पडतो का, हे अमेरिकेत तपासून झालंय. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 44 रुग्णांचे स्मार्टफोनवरचे व्हिडिओ तज्ज्ञांना दाखवले. फिट एपिलेप्सीची आहे की नाही, हे त्यांनी 89 टक्क्यांच्या आसपास अचूक ओळखलं.

तर कुणाला फिट आली की आधी मदत, मग दुसऱ्या कुणाला कॅमेरा धरायला सांगा. चेहरा आणि चारही हातपाय दिसू देत. डोळे उघडे आहेत की मिटलेले, यावरूनही डॉक्टरांना बरंच कळतं. थांबल्यावर लगेच बंद करू नका, नाव विचारा, हात उचलायला सांगा. चक्कर येऊन पडलेला माणूस लवकर भानावर येतो, मोठ्या फिटनंतर बराच वेळ गोंधळ राहतो. तो माणूस सावरला की त्याला विचारा, व्हिडिओ ठेवायचा का. आणि डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर न विचारता ढकलू नका, शंभर मेसेजेसमध्ये हरवतो. तारखेच्या नावाने फोनमध्ये ठेवा आणि खुर्चीत बसल्या बसल्या दाखवा. सोबत एक कागद: कधी, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, कुठली गोळी चुकली.

त्याच्या आईचं म्हणणं, "बाहेर बोलू नका रे, लग्न व्हायचंय." काकूंना मी एवढंच सांगितलं, की विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींच्या कलमातून हा आजार 1999 मध्येच काढलाय. त्या काही बोलल्या नाहीत.

ग्रुपवरचा व्हिडिओ मी डिलीट केला. एक कॉपी त्याच्या फोनमध्ये आहे, पुढच्या अपॉइंटमेंटसाठी.