जनीवरचा आळ

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड म्हणजे गोदाकाठचं गाव, संत जनाबाईचं. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून गेली. तिच्याविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. रात्री विठ्ठल तिच्यासोबत दळायला आला आणि पहाटे घाईत आपलं पदक तिथंच विसरून तिची वाकळ पांघरून गेला. देवळात पदक सापडेना. संशय कुणावर? झडती घेण्याआधीच, दासीवर! पदक तिच्याकडंच मिळालं आणि शिक्षा झाली सुळाची. चंद्रभागेकाठी त्या सुळाचं पाणी झालं, असं कथा सांगते.

चमत्कार बाजूला ठेवला, तरी गरिबावर आधी आळ घेणारं गाव ओळखीचं वाटतं. जनीचा विश्वास मात्र मुकाट नव्हता. तिच्या नावावरच्या सुमारे साडेतीनशे अभंगांत ती विठ्ठलाशी भांडते, त्याला शिव्याही घालते. परक्याला कोण शिव्या घालतं? देव तिच्या घरचा होता. शेणी वेचायला, दळायला सोबत येणारा.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं आजही दाखवतात. वारकरी त्याचा खुंटा धरून एखादा फेरा देतातच.