भाड्याच्या विमानांतले सैनिक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या लष्कराला विमानांची काय कमी, सैनिक लष्करी विमानांतूनच जात असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात १९९०-९१च्या आखाती युद्धात विमानाने गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक जण खासगी कंपन्यांच्या विमानांतून गेले. लष्कराची अजस्र विमाने अवजड युद्धसामग्रीसाठी मोकळी ठेवायची, हा त्यामागचा हिशेब.

युद्ध पेटले की सरकार विमाने जप्त करते, हेही खरे नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे ‘सिव्हिल रिझर्व्ह एअर फ्लीट’ ही योजना आहे. कंपन्या स्वखुशीने काही विमाने राखीव म्हणून नोंदवतात. बदल्यात शांततेच्या काळात त्यांना सरकारी वाहतुकीचे काम मिळते. बोलावणे आले की पहिल्या टप्प्यातली विमाने २४ तासांत हजर हवीत, वैमानिक मात्र कंपनीचेच. १९९०, २००३ आणि २०२१मध्ये अशी बोलावणी आली. २०२१मध्ये काबूलमधून लोकांना बाहेर काढताना बोलावलेली १८ विमाने खुद्द काबूलला गेलीच नाहीत. लष्कराने बाहेर काढून इतर तळांवर आणलेल्या लोकांना त्यांनी पुढे नेले.

सगळ्यात घातक समजूत सुरक्षिततेबद्दलची आहे. लष्कराशी करार म्हणजे विमान पारखलेलेच असणार! १२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडात गँडरहून उड्डाण करताच ‘ॲरो एअर’चे डीसी-८ कोसळले. सिनाईतली शांतिसेनेची कामगिरी संपवून नाताळसाठी घरी निघालेले २४८ सैनिक आणि ८ कर्मचारी गेले. कारणावरून चौकशी मंडळातच फूट पडली. बहुमताने पंखांवरच्या बर्फाकडे बोट दाखवले. साध्या प्रवाशांचे सरासरी वजन धरून विमानातल्या भाराचा हिशेब केला होता, हेही उघड झाले. सामानसुमानासह निघालेला सैनिक त्याहून बराच जड भरतो. एवढी साधी गोष्ट कुणी तपासली नव्हती, याचा आजही संताप येतो.

त्यानंतर १९८६मध्ये कायदा झाला. आता कंपनीला नागरी सेवेचा किमान १२ महिन्यांचा अनुभव लागतो. करारापूर्वी लष्कराचे निरीक्षक तिची तपासणी करतात आणि पुढेही ठरावीक काळाने करत राहतात.

तरीही धोका संपलेला नाही, आणि नागरी विमाने युद्धभूमीपासून लांबच असतात असेही नाही. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगरामहून ‘नॅशनल एअरलाइन्स’चे ७४७ विमान उडाले. पोटात लष्कराची १२ ते १८ टनांची पाच चिलखती वाहने होती. त्यातले निदान एक मागे सरकले, शेपटीकडची नियंत्रणयंत्रणा निकामी झाली आणि सातही कर्मचारी ठार झाले. माल बांधण्याची कंपनीची पद्धत सदोष होती आणि अशा मालावर अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाची देखरेख अपुरी होती, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.