डरहॅमचा सामना

कोल्हापूरचा रसिक ज्याला फुटबॉल म्हणतो त्याहून अमेरिकेतला फुटबॉल सर्वस्वी निराळा आहे. लंबगोल चेंडू हातांत धरून किंवा फेकून प्रतिपक्षाच्या सीमेपार नेला की सहा गुण पदरात पडतात. आणि या धसमुसळ्या खेळाचे खरे माहेर म्हणजे तेथील विद्यापीठे. ऑरेगन राज्यातील कॉर्व्हालिस या लहानशा गावच्या ऑरेगन स्टेट कॉलेजने १९४१ च्या मोसमात, आरंभीच पराभव पत्करूनही, प्रशिक्षक लॉन स्टायनर यांच्या हाताखाली पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांचे अजिंक्यपद पटकावले, आणि कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे नववर्षदिनी होणाऱ्या ‘रोज बोल’ सामन्याचा मान त्याला प्रथमच लाभला. या विजयाला दहा दिवसही लोटले नव्हते, तोच ७ डिसेंबर रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर बाँबवर्षाव केला.

पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाची जोखीम ज्यांच्यावर होती त्या लेफ्टनंट जनरल जॉन डेविट यांना एवढा जमाव एके ठिकाणी गोळा होणे धोक्याचे वाटले व पॅसाडीनाचा बेत रद्द झाला. तेव्हा मोसमभर अपराजित राहिलेल्या प्रतिस्पर्धी ड्यूक विद्यापीठाने नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथील स्वतःचे मैदान देऊ केले, शेजारच्या विद्यापीठांतून बाके उसनी आणून सुमारे ५६,००० प्रेक्षकांच्या बैठकीचा बंदोबस्त केला, आणि ऑरेगनचा संघ आगगाडीने अख्खे खंड ओलांडून पूर्वेकडे निघाला.

एक खेळाडू मात्र मागे राहिला. जॅक योशिहारा जपानात जन्मलेला, परंतु अगदी लहानपणापासून ऑरेगनमध्येच वाढलेला; जपानातून आलेल्यांना नागरिकत्व घेण्याची मुभा तेव्हाच्या अमेरिकन कायद्यातच नव्हती. सरकारी तपास खात्याची माणसे सरावाच्या मैदानावर आली आणि त्याला संघाबरोबर प्रवास करता येणार नाही, असा हुकूम झाला. त्याच्या हातून कोणताही गुन्हा घडला नव्हता. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फर्मान काढले, आणि त्याच्या अंमलात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, ज्यांतील बहुसंख्य जन्मानेच अमेरिकन नागरिक होते, घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. योशिहाराची रवानगी आयडाहोतील मिनिडोका छावणीत झाली. युद्धकाळातील भीती कितीही स्वाभाविक मानली, तरी हा उघड अन्याय होता, असेच मला म्हणावे लागते.

१ जानेवारीचा सामना पावसात झाला. ड्यूकच जिंकणार हे जाणकारांनी गृहीतच धरले होते; परंतु १४–१४ अशा बरोबरीत बॉब डेथमनने लांबवर फेकलेला चेंडू जीन ग्रेने झेलला आणि तो घेऊन तो थेट सीमेपार गेला. ही एकूण मजल ६८ यार्डांची होती. अखेरीस ऑरेगन २०, ड्यूक १६!

त्यानंतर दोन्ही संघांतील पुष्कळ तरुण फौजेत गेले. ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड हेदेखील पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना सैन्यात शिरले व युरोपात त्यांनी तोफखान्याच्या बटालियनचे नेतृत्व केले. त्या सामन्यातील चार खेळाडू युद्धात कामी आले. इटलीच्या रणभूमीवर ड्यूकचा चार्ल्स हेन्स जबर जखमी होऊन पडला असता त्याला सुरक्षित जागी पोहोचविण्यासाठी जे धावले त्यांत ऑरेगनचा फ्रँक पार्कर होता, म्हणजे डरहॅमच्या चिखलात त्याच्याविरुद्ध खेळलेलाच एक गडी. या मुलांच्या हाती देशाने बंदुका विश्वासाने दिल्या. त्यांच्याच बरोबरीने घाम गाळलेल्या योशिहाराला मात्र आगगाडीत बसू देण्याइतकाही विश्वास दाखविला नाही. छावण्यांमुळे ज्यांचे शिक्षण खंडित झाले त्या आपल्या जपानी वंशाच्या विद्यार्थ्यांना ऑरेगन स्टेट विद्यापीठाने २००८ साली सन्माननीय पदव्या अर्पण केल्या. त्यांत योशिहारा होते, आणि तोवर सामन्याला सहासष्ट वर्षे होऊन गेली होती.