जवारी लावताना

इंदिरानगरातील आमच्या घरात मुंबई-आग्रा महामार्गाची घरघर अहोरात्र येत असते. म्हणून, दोन वर्षे गवसणीत पडून आवाज बसलेल्या तंबोऱ्याची जवारी लावण्यास मिरजेचे एक वृद्ध कारागीर आले, तेव्हा सतरंजीवर बसण्यापूर्वीच त्यांनी सर्व खिडक्या लावून घेण्याचा हुकूम सोडला.

तारा सैल करून त्यांनी घोडीवर तिरपा उजेड घेतला. घासून घासून तारांनी तिच्या माथ्यावर केसाएवढे चरे पाडले होते. हा माथा वरवर सपाट भासला, तरी त्यास अत्यल्प उतार असतो, आणि कंप पावणारी तार त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्शून जाते, म्हणूनच तंबोऱ्याचा नाद मिटून न जाता उमलत राहतो. कानशीचा एक हलका हात, मग एक छेड, मग पुन्हा कानस, असा क्रम तासभर चालला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत हा उद्योग आरंभिला, हे त्या हाताकडे पाहताना आठवल्यावाचून राहिले नाही. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, हे यथायोग्यच झाले.

कानस ठेवून त्यांनी तारेखाली सूत सरकविले. सूत तसूभर नव्हे, गहूभरही नव्हे, केवळ नखाने ढकलावे इतकेच हलले, आणि बोथट तार एकाएकी बोलू लागली.

“साहेब, जोड ऐकू नका. खर्ज ऐका.”

मी डोळे मिटले. पंचम, षड्जाची जोड आणि खर्ज, एवढ्याच चार तारा. गांधारात एकही मिळविलेली नाही. तरीही खर्जाच्या पोटातून गांधार स्पष्ट उमटत होता. खर्जाच्या पाचपट कंपसंख्येचा तो अंश असतो. सर्व अर्धस्वर सारख्या अंतरावर ठेवून लावलेल्या पेटीचा गांधार याहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. ज्याच्या कानात तंबोऱ्याचा गांधार मुरला, त्यास तो फरक सहन होत नाही. तार जेथे छेडावी तेथे जे अंश शास्त्राप्रमाणे उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास सप्रयोग दाखविली होती.

व्हायोलिन घडविणारा युरोपीय कारागीर तारेची झणझण दोष मानून काढून टाकतो. जपानी शामिसेनमध्ये मात्र तीच ‘सावारी’ या नावाने मुद्दाम राखतात, आणि झिंबाब्वेतील शोना लोक आपल्या एंबिरा वाद्यास शिंपले अडकवून तिची तजवीज करतात. स्वर शुद्ध असावा, पण कोरा असू नये, हा त्यांचाही निर्णय आपल्याच वळणाचा आहे, आणि मला तो सर्वस्वी मान्य आहे.

आठ वाजता बसलेले कारागीर बारास उठले. ज्यांच्या कपाटामागे तंबोरा गवसणीत उभा असेल, त्यांनी तो कृपया बाहेर काढून जाणत्या हाती द्यावा. जवारीस एक सकाळ पुरते.