चकाकी एकच, धातू वेगवेगळे

अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेवर पेढी नदीच्या काठी वलगाव आहे. तेथे आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गुरुजींकडे वडिलांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. इंजीन ठीक चालते, पण बंपरवर गंजाचे ठिपके होते, बाजूच्या चकचकीत पट्टीला पोचा आला होता आणि दाराच्या मुठीवर फोड उठले होते. गुरुजींनी एक मूठ मुलामा देणाऱ्या एका कारागिराकडे दिली. ती परत आली तेव्हा कडा झिजलेल्या आणि अंगभर खड्डे पडलेले! "चमकते ते समदं लोखंडच असन, असं वाटलं मले," गुरुजी म्हणाले.

हे नुकसान साधे नव्हते. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या मोटारीला 'पद्मिनी' हे नाव १९७४ मध्ये मिळाले. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता एखादा मूळ भाग बिघडवला, तर तसा दुसरा सहज मिळत नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी पहिला प्रश्न हा, की चकाकीखाली कोणता धातू आहे?

बंपर : पोलादावरचे थर

बंपर पोलादाचा असतो. त्याला लोहचुंबक चिकटते. त्यावर विद्युत विलेपनाने निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर दिलेला असतो. पुष्कळदा निकेलखाली तांब्याचाही थर असतो. निकेलचा थर साधारण १० ते ३० मायक्रोमीटर जाडीचा, तर क्रोमियमचा जेमतेम पाव ते अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ! निळसर झाक आणि कठीणपणा क्रोमियमचा. पण गंजापासून खरे रक्षण करते ते निकेल.

या थरांत सूक्ष्म छिद्र पडून पाणी पोलादापर्यंत पोचले, की तेथे एक छोटा विद्युत घट तयार होतो. निकेलपेक्षा लोह अधिक क्रियाशील असल्याने लोहच झिजते. भोवतालचा मुलामा मोठा आणि उघडे पडलेले लोह टिकलीएवढे, त्यामुळे सारी झीज त्या एका ठिकाणी खोलवर होते. वरून ठिपका दिसतो, आत खड्डा असतो.

ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीचा बोळा पाण्यात भिजवून हलके घासल्यास वरवरचा गंज निघतो, कारण ही पन्नी क्रोमियमहून मऊ असते. खड्डा मात्र भरत नाही. त्यासाठी जुने थर उतरवून, पोलाद घासून, तांब्याने खड्डे भरून पुन्हा निकेल व क्रोमियम चढवावे लागते. पोलाद आरपार कुजले असेल, तर भाग बदलणेच बरे.

पट्टी : स्टेनलेस स्टील की ॲल्युमिनियम?

बाजूची पट्टी हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा. ॲल्युमिनियमची घनता २.७, तर पोलादाची सुमारे ७.८. स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांना चुंबक चिकटते, काहींना नाही; म्हणून केवळ चुंबकावर विसंबू नये.

स्टेनलेस स्टीलवर मुलामा नसतो. पोचा मागून लाकडी ठोकळ्यावर हलके ठोकून काढता येतो. मग बारीक पॉलिश कागद व बफ फिरवला की चकाकी परत येते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मात्र बहुधा धनाग्रीकरणाने दिलेला ऑक्साइडचा थर असतो. तो कठीण पण ठिसूळ असल्याने पट्टी वाकवली की तडकतो. अशी पट्टी थर उतरवून, घासून, पुन्हा धनाग्रीकरण करून घ्यावी लागते.

मूठ : फसवा जस्त

गुरुजींची मूठ जस्ताच्या ओतीव संमिश्राची होती. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते आणि ते ३८० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते. ओलावा आत शिरला, की मुलाम्याखाली जस्ताचे पांढरे क्षार साचतात आणि मुलामा फुगतो. हेच ते फोड. पोलादावरचा गंज काढायला वापरतात ते हायड्रोक्लोरिक आम्ल जस्ताला मात्र झपाट्याने खाते. मूठ आम्लात बुडवली गेली, तेव्हाच तिचा निकाल लागला. असा भाग जस्ताचे काम जाणणाऱ्याकडेच द्यावा आणि देताना धातू कोणता ते सांगावे.

दुसरा भाग बसवतानाही एक काळजी घ्यावी. ॲल्युमिनियमच्या पट्टीत पोलादी स्क्रू उघडाच बसवला, तर पावसाळ्यात तेथेही घट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजते. मध्ये प्लास्टिकची चकती घालावी.

वर्गात करून पाहा

दोन परीक्षानळ्यांत थोडे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. एकीत जस्ताचा तुकडा, दुसरीत लोखंडी खिळा टाका. बुडबुडे कोठे जोरात येतात? आता मोरचुदाच्या द्रावणात स्वच्छ खिळा बुडवा. त्यावर तांबे चढेल, पण बोटाने पुसले तर निघून येईल. पक्का मुलामा देणे हे कौशल्याचे काम का, ते मुलांच्या लगेच ध्यानी येईल. क्रोमियमचा मुलामा मात्र शाळेत कधीही करू नये. त्याच्या नेहमीच्या द्रावणातील सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

गुरुजींनी उरलेल्या मुठी कोठेही दिलेल्या नाहीत. फोड तसेच ठेवून त्यांवर मेणाचा पातळ हात देतात. आणि खराब झालेली मूठ? ती त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेला दिली आहे.