काजव्यांचे छायाचित्रण

मृगाचा पाऊस सह्याद्रीशी येऊन ठेपला की भंडारदऱ्याच्या मुलखात हिरडा, बेहडा, सादडा या वृक्षांवर काजव्यांची जी लखलख सुरू होते, तिचे चित्र घेऊ इच्छिणाऱ्या हौशी छायाचित्रकाराने प्रथम त्या प्रकाशाचे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे. ल्युसिफेरिन नामक द्रव्याचा, ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने, प्राणवायूशी संयोग होऊन हा शीतप्रकाश उत्पन्न होतो आणि त्याच्या उघडझापीतून नर व मादी परस्परांना संकेत देतात.

प्रत्येक चमक क्षणजीवी असल्यामुळे कॅमेऱ्याची झडप ३० सेकंद उघडी ठेवली तरी ती चमक अधिक तेजस्वी होत नाही. चित्रात चमकांची संख्या तेवढी वाढते, आणि आकाश मात्र उजळत जाते. चमकेचे तेज अवलंबून असते ते भिंगाच्या छिद्रावर आणि आयएसओवर. म्हणून महागड्या सरंजामापेक्षा एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राचे साधे भिंग व भक्कम तिपाई हीच खरी सामग्री होय. अंधारात स्वयंचलित केंद्रीकरण निकामी ठरत असल्याने, उजेड आहे तोवरच झाडावर केंद्र साधून ठेवण्याची तजवीज करावी. अनेक चित्रे एकावर एक रचून केलेली प्रतिमा ही दीर्घ काळाची बेरीज असते, हेही प्रेक्षकाला प्रामाणिकपणे सांगावे.

फ्लॅश व विजेरी यांचा झोत काजव्यांच्या मीलनात व्यत्यय आणतो आणि त्यांच्या अळ्या मातीतच वाढतात. यास्तव दिवे बंद ठेवावेत, पायवाट सोडू नये, एवढी प्रत्येक छायाचित्रकारास आग्रहाची विनंती आहे.