कातळ, पोलाद आणि गणित

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतला, तोरण्याचा काळा कातळ आपण पाहिलाच असेल. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो तप्त रस होता. थर दुप्पट जाड असला की गोठावयास सुमारे चौपट काळ लागतो. कारण आतली उष्णता गोठलेल्या सालीतूनच बाहेर पडते. ओतीव पोलादासही साधारण हाच नियम. मात्र पोलाद गोठताना आकसते. जो भाग शेवटी गोठतो, तेथे पोकळी राहते. वरून धड दिसणारा नग भाराखाली तडकण्याची भीती असते. म्हणून संगणक नगाचे लहान लहान घन कल्पून, प्रत्येकाने क्षणोक्षणी शेजाऱ्यास किती उष्णता दिली, गोठताना किती सोडली, याचा हिशेब मांडतो. शेवटी गोठणारी जागा ओतण्यापूर्वीच कळली, म्हणजे तिच्यालगत जादा रसाचा साठा ठेवता येतो. पोकळी त्या साठ्यात पडते, तो मागाहून कापतात. नग भरीव निघतो.